पडवळाच्या बिया

रत्नागिरी, शनिवार संध्याकाळ

उद्या चर्चमध्ये उपदेश माझा, आणि आजच चष्म्याची दांडी मोडावी! एवढा छळ बायबलातल्या, बाबेलला धरून नेलेल्या बंदिवानांचाही झाला नसेल. एका हाताने चष्मा धरून वाचत बसलो. संदेष्टा त्या बंदिवानांना सांगतो, परक्या मुलखातच घरं बांधा, बागा लावा. तिथेच अडलो.

सकाळी मस्कतहून धाकट्या भावाचा फोन होता. "दादा, गच्चीत पडवळ लावतोय. आईच्या वेलाच्या बिया धाडतो म्हणालेलास ना?"

"तिकडेच मुळं धर तू! इथलं दार कोण उघडणार?"

असा टोमणा मारला मी त्याला. संदेष्ट्याला जे सुचलं नाही, ते मलाच कुठून सुचलं?

शेजारचा अन्वर सोमवारी मस्कतला निघालाय. राखेत घोळवून ठेवलेल्या बिया आत्ताच त्याच्याकडे देऊन आलो. राख झाडली नाही. आपल्याच चुलीची आहे.