मधला आवाज

प्रिय इथेल,

रविवारी आपल्या चर्चमध्ये प्लगाइन आहे, घराघरानं आपापलं नाताळगीत गायची संध्याकाळ, आणि तू गायला येणार का हे तुला विचारायचं नाही, असं आपल्या बाबांनी मला बजावलं आहे रे. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहिते, उठते, मेंढ्यांना उगाच गवत टाकून येते. त्यांची आज चंगळ आहे.

लहानपणी गावच्या दुकानात तू शेजारच्या गोरोन्वीकाकांच्या घरचं नाताळगीत गुणगुणलास, ते आठवतं का रे? एका घरचं गीत दुसऱ्यानं तोंडात घ्यायचं नाही, हे तुला तेव्हा कुठे ठाऊक. काका तिथेच उभे होते. "का रे, तुमच्या घरातली गाणी संपली वाटतं?" म्हणाले. सगळं दुकान हसलं आणि तू कानापर्यंत लाल झालास. बाबा ओरडले नाहीत. गोठ्यात नेऊन त्यांनी आपलं गीत तुझ्याकडून घोटून घेतलं. मी वरच्या पट्टीत, ते खर्जात, आणि तू मधे, एका कानात बोट घालून. जरा ढळलास की बाबा सूर लावायचा नादकाटा गुडघ्यावर आपटून तुझ्या कपाळाला टेकवायचे. तुला गुदगुल्या व्हायच्या, मग तिघांचंही बिघडायचं. त्या गोठ्यात मी जितकी सुखी होते, तितकी नंतर कधी झाले नाही.

मग तू मेंढ्या सोडून बर्मिंगहॅमला बस चालवायला निघालास. बाबा म्हणाले, "ज्याला डोंगर नको, त्याला गाणं कशाला?" तूही काही कमी नाहीस. "तुमचं गाणं मेंढ्यांना शिकवा," म्हणून दार आपटून गेलास. दोघे एकाच मातीचे, आणि मधल्यामधे मरण माझं.

गेल्या वर्षी गोरोन्वीकाकांनी आपण होऊन विचारलं, "मधला आवाज मी धरू का?" बाबा म्हणाले, "ती जागा रिकामी नाही." आम्ही दोघंच उभे राहिलो. तिसऱ्या कडव्यात, जिथे आम्ही थांबतो आणि तू एकटा पुढे जातोस, तिथे ते थांबले. मीही थांबले. तुझी ओळ म्हणून होईल इतका वेळ सगळं चर्च गप्प बसलं होतं. मग बाबांनी पुढची ओळ उचलली. नंतर जेवताना सगळ्यांनी फक्त माझ्या रश्श्याचं कौतुक केलं.

परत उठले होते. पाऊस लागला आहे, कुत्रं आत घेतलं. आता टाळत नाही, सांगते. बाबांच्या घशात गाठ आली होती, ती वाईट निघाली. रविवारनंतरच्या बुधवारी श्रूजबरीला ऑपरेशन आहे, स्वरयंत्रच काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. "दया येऊन यायचं असेल तर नकोच येऊ दे त्याला," असं म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं. कळलं तर मला शिव्या घालतील, घालू देत. बुधवारपर्यंत तेवढा आवाज आहे त्यांच्याकडे. प्लगाइनला नाव घेऊन कुणालाच बोलावत नाहीत, ज्याला गायचं तो उठून पुढे जातो, म्हणून मीही तुला बोलावत नाही. पण रविवारी बाकी सगळ्या घरांचं गाऊन होईपर्यंत मी बाबांचा कोट धरून त्यांना बाकावर बसवून ठेवणार आहे. त्याहून जास्त वेळ मला काढता येणार नाही.

तुझीच,
मेरेरिद