अण्णांच्या कानातला आवाज

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन सात महिने झाले. पत्र आज लिहितेय, कारण आईनं काल एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून मला काही सुचत नाही.

"कानाला त्रास होतो गं," एवढंच तुम्ही म्हणाला होतात. जव्हारात जन्मभर पिठाची गिरणी चालवलेल्या माणसाला दुसरा कसला त्रास असणार? मीच ठरवून टाकलं. मोखाड्याच्या शाळेत विज्ञान शिकवते ना मी! दिवाळीची सगळी सुट्टी खपले. हेडफोनला बाहेरून छोटा माइक बसवला, त्यात शिरलेला गिरणीचा आवाज उलटा करून कानात सोडला. आवाजाला त्याचाच उलटा आवाज भिडला की दोन्ही विरतात. घरघर जवळजवळ गेलीच. केवढी नाचले होते मी!

तुम्ही ते घातलंत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "झकास झालंय." पाड्यावरून नागली दळायला आलेल्या बायकांनाही कौतुकानं दाखवलंत.

मग दळण नसतानाही गिरणी का चालू करायचात? किती बोलले मी तुम्हाला! "अण्णा, दगड झिजतात, वीज फुकट जाते." तुम्ही मुकाट्यानं बटण बंद करायचात.

काल गिरणी झाडताना आई म्हणाली, "त्यांच्या कानात आतच किर्र वाजायचं गं, सारखं. गिरणी चालू असली की ते दबायचं. तुझं ते यंत्र लावलं की नुसतं तेवढंच उरायचं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"म्हणाले, पोर सुट्टीभर खपलीय. तू घरी आलीस की तेवढं लावायचे."

अण्णा, असं का केलंत? एकदा तरी रागावून ते हेडफोन फेकून द्यायचे होतेत! आणि मी तरी कसली शिक्षिका? एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही मला.

आज मी दळण नसताना गिरणी चालू केली आणि ते हेडफोन घातले. लांब कुठेतरी घरघर, बाकी सगळं शांत. क्षणभर फार बरं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. याच शांततेत तुम्ही माझ्यासमोर हसत बसायचात! तुमच्या कानातलं ते किर्र कुठल्याच माइकला सापडलं नसतं. आता मी काय करू? माफी मागायला तरी तुम्ही हवे होतात.

एवढा शब्द देते. यापुढे कुणासाठी काही करायला घेतलं, तर आधी त्याला विचारीन, तुला काय ऐकू येतंय. आणि तो "झकास झालंय" म्हणाला, तर पुन्हा एकदा विचारीन.

तुमची हट्टी,
सुमन