आवाजाला दाबलेलं बटण

आये, मागच्या महिन्यात डोळे तपासायच्या मशीनने माझी चोरी पकडली. महाडच्या दवाखान्यात एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी आपला दाबत गेलो आणि पास झाल्याच्या तोऱ्यात बाहेर आलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद बघून हसल्या. "काका, उजेड नव्हता तेव्हाही बटण दाबलंत. मशीन मधूनच नुसता आवाज करतं, कोण फसतंय बघायला. धंदा काय करता?" म्हटलं, "गॅरेज आहे हायवेला. गाडी वळणावर असतानाच कळतं मला, तिचं काय दुखतंय." "मग कान गॅरेजात ठेवून यायचं ना!" मीही हसलो. मग कानांत कापूस घालून पुन्हा बसवलं, आणि उजव्या डोळ्याच्या वरच्या अंगाला काहीच चमकेना. तिथे उजेड येऊन जात असणार, आणि मी बटणावर अंगठा ठेवून नुसता बसलेला. तेव्हा तू आठवलीस.

पोलादपूरच्या वरच्या आपल्या घरात तू चुलीपाशी बसली आहेस. मी अंगणात पाय टाकतो, आणि मान न वळवता तू म्हणतेस, "आलास रे? चप्पल तुटली वाटतं, घासतेय." हंडा कुठवर भरला ते तू आवाजावर सांगायचीस. आम्ही गावभर कौतुक करायचो, आमच्या आयेला पाठीला डोळे हायत. पुढचे चाललेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तू तांदळातले खडे बोटांनी शोधायला लागलीस, तेव्हा शेजारची काकी ओट्यावरून म्हणाली, "मोतीबिंदू हाय गो तो. कच्चा कशाला काढतेस? पिकू दे." आणि तू आढीतले आंबे चाचपत, "नायतर काय, कच्चा उतरवला तर आंबटच लागायचा." दोघी खिदळलात. त्या पिकण्याची वाट बघत आंब्याचे हंगाम गेले. शेवटी तुला महाडला आणली, तर डॉक्टर म्हणाले, हा मोतीबिंदू नव्हेच, काचबिंदू. आतली नस सुकली. परतताना एसटीत माझं मनगट धरून तू हळूच विचारलंस, "म्हंजे आता पिकायचं काय राह्यलं नाय?"

तुझंच माझ्यात आलंय. कानही आणि हा काचबिंदूही. डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं, घरात कोणाला होता का? आता डोळ्यातल्या नसेचा फोटो निघतो, माणसाला स्वतःला कळायच्या आधी पातळ झालेली जागा दिसते. खुर्चीत बसल्या बसल्या लेझर मारतात आणि घरी सोडतात. कोणाकोणाच्या डोळ्यात तर कणीपेक्षा बारीक नळी बसवतात, आतलं पाणी उतरायला. मला सध्या रोज संध्याकाळी एक थेंब पुरतो. एक थेंब, आये. पोरांनाही तपासून आणलं, त्यांचं ठीक आहे. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, "सुकलेली नस परत जिवंत होते का?" बाई म्हणाल्या, "प्रयोग चाललेत, काका. अजून दवाखान्यापर्यंत काही आलेलं नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं राखायचं. पण तुमचं तर बरंच शिल्लक आहे." त्यांना वाटलं, मी माझं विचारतोय.

थेंब घातला की डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा दाबून थोडा वेळ बसायचं असतं. बायको टीव्हीचा आवाज कमी करते. हे सगळं मी तिथेच बसून मनातल्या मनात तुला लिहितो. तू गेलीस, आता कागदावर उतरवलं तरी वाचून कोण दाखवणार तुला? पण एक सांगून टाकतो. रस्त्यावरच्या गाड्या मी अजून आवाजावर ओळखतो, आणि मिटल्या डोळ्यांनी रोज तुझी ती हाक ऐकू येते का बघतो. शब्द सगळे आठवतात, आलास रे, चप्पल, घासतेय. आवाज येत नाही. तुझा आवाज मी विसरलोय, आये.