काचेतली मडमीण

मानपाडा, डोंबिवली

प्रिय सुदेशदादा,

आजोबांचा तो नक्षी कापलेला, जाड काचेचा पेला हरवला नव्हता. तू तो ठाण्याच्या एका जुन्या वस्तूवाल्याला विकायला निघालास, म्हणून मीच लपवला आणि तुझ्या तोंडावर "मला माहीत नाही" म्हणाले. तू रागाने गेलास तो नऊ वर्षं आलाच नाहीस.

काल तुझी लेक प्राप्ती स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. मी तिला त्याच पेल्यात पाणी दिलं. मुद्दामच दिलं, खरं सांगायचं तर. तिने पेला उजेडात धरला, तसा काचेच्या आत बसवलेला त्या गोऱ्या बाईचा चंदेरी चेहरा चमकला, अंबाड्यातल्या फुलासकट.

"आत्या, ही बाबांच्या गोष्टींतली मडमीण ना?"

मला रडूच फुटलं. तिने तिथल्या तिथे तुला व्हिडिओ कॉल लावला आणि पेला समोर धरला. तू चष्मा लावून पेला नीट पाहिलास. मग एकदम हसत सुटलास, अगदी ठसका लागेपर्यंत.

"चोरटे! लग्नाला दोघी या, तू आणि ती मडमीण."

आता हे पत्र कशाला पाठवू? माफी मांडवातच मागेन. मोरपिशी साडी मात्र आजच घेऊन आलेय.

तुझीच,
रसिका