मिशीवाली नळी

३ फेब्रुवारी

आज बसल्या बसल्या आठ-दहा माणसांना बरं केलं. पेनने!

झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत लोकांच्या शौचाचे नमुने असतात. फ्रीझरभर. आजाऱ्यांच्या नळीवर ‘रोगी’ लिहायचं, धडधाकटांच्या नळीवर ‘निरोगी’, आणि दोन्हीकडे आकडे एकपासून सुरू करायचे — ही प्रमुखांची थोर कल्पना. प्रमुखांना आम्ही आपसात ‘अनुस्वार’ म्हणतो. नाकातून बोलतात आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसतात. आज नळ्यांवरचा बर्फ स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला गेले, तर निरोगी कप्प्यातल्या काही नळ्यांचा ‘नि’च पुसून गेला. चांगली हिंडती-फिरती माणसं एका फटक्यात रोगी! मग काय, ‘नि’ ‘नि’ ‘नि’ लिहीत बसले. कप्पा कुठला ते ठाऊक होतं, तेव्हा गफलत व्हायचा प्रश्नच नाही.

एकाही डॉक्टरला इतक्या स्वस्तात जमायचं नाही.

५ फेब्रुवारी

जिन्यात शेजारीण भेटली. “तुम्ही नक्की करता काय हो?”

आज अंगात उत्साह होता, म्हणून सगळं सांगितलं. की आपल्या पेशी मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले तुकडे बनवतात. ते स्वतः काही घडवत नाहीत, नुसते जनुकांना ‘गप्प बस’ म्हणतात. (आमच्या घरी हे खातं आईकडे आहे.) आतड्यातल्या पेशी ते तुकडे बाहेरही सोडतात. पोटातले जंतू ते गिळतात आणि त्यांचं वागणं बदलतं. उलट जंतूही आपल्या पेशींना नादी लावतात — हा तुकडा जास्त बनव, तो कमी बनव. काही दुखण्यांत, आतड्याच्या कॅन्सरमध्येसुद्धा, दोन्हीकडचं ताळतंत्र सुटलेलं दिसतं. आधी कोणी सोडलं? ते अजून नीट कळलेलं नाही. जंतूंना विचारावं तर पेशींकडे बोट, पेशींना विचारावं तर जंतूंकडे.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे शी तपासता.”

हो बाई. तेच.

९ फेब्रुवारी

रविवार. आईबाबांकडे गेले. बाबा अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत! अभ्यासाला निरोगी माणसं कमी पडत होती म्हणून मागच्या महिन्यात त्यांच्या हातात नमुन्याचा डबा ठेवला होता. लाजून अर्धे झाले. शेवटी भरलेला डबा आईनेच आणून दिला. तीन कागदांत गुंडाळून! वर रिबीन बांधायची तेवढी राहिली होती. बाबांची सगळी कामं तीच करते. त्यांना भूक लागली आहे की नाही हेसुद्धा ते तिलाच विचारतात.

आई काय बारीक झाली आहे! रोज चालते म्हणे. जुने कपडे अंगात शिरायला लागलेत म्हणून आरशापुढे मिरवत होती. इकडे मी उपाशी राहून तोळाभर हलत नाही. जळून खाक झाले.

१२ फेब्रुवारी

शिमगा! आमची आकडेवाली — म्हणजे यंत्रातून आलेले आकडे कॉम्प्युटरवर लावून बघणारी मैत्रीण — सकाळीच म्हणाली, “तुझा निरोगी नऊ भलत्यांच्या पंक्तीला जाऊन बसलाय गं.” खरंच. मायक्रोआरएनएंपैकी एकवीस नंबरचा आभाळाला टेकलेला. आणि फ्युसोबॅक्टेरियम, जो जंतू तोंडात राहतो, तो आतड्यात ठिय्या देऊन बसलेला. ही जोडी आमच्या कॅन्सरवाल्या रोग्यांत दिसते. धडधाकट माणसात नाही.

अनुस्वारांनी नळ्यांवरची ताजी शाई बघितली आणि सगळ्यांसमोर झापलं. “तुंम्ही रोंग्याला ‘निं’ चिंकटवलांत! अभ्यासाची मांती केलीत!” मार्चमध्ये माझ्या नोकरीची मुदत वाढायची होती. आता वाढते कसली.

पण मी चुकलेले नाही. उद्या दाखवते!

१३ फेब्रुवारी

दाखवायला गेले. नऊ नंबरची नळी फ्रीझरमधून काढली, प्रकाशात धरली. झाकणावर, अगदी कडेला, पेन्सिलीने काढलेली बारीकशी मिशी. मीच काढलेली! नियमाप्रमाणे नमुना कोणाचा ते मला कळता कामा नये, पण ही भरली त्या दिवशी राहवलं नव्हतं. स्पिरिटने शाई जाते, पेन्सिल जात नाही. पुरावा हातात! ही नळी निरोगीच. अदलाबदल नाही, काही नाही. नाचतच निघाले अनुस्वारांच्या खोलीकडे.

मधल्या दारापाशी पोचले आणि पाय थांबले.

मिशी बाबांची आहे.

नळी परत ठेवली. 

१४ फेब्रुवारी

पोटाच्या डॉक्टरांना गाठलं. म्हणाले, “संशोधनातल्या एका नमुन्यावरून निदान होत नसतं, हे तुम्हाला मी सांगायचं का? पण त्यांचं वय बघता दुर्बिणीने एकदा बघून घेऊ.” घरी थाप मारली, की या वयात सगळेच करून घेतात. नळीचं अवाक्षर काढलं नाही. बाबा म्हणाले, “मी नाही.” आई म्हणाली, “ते येतील.”

संपला विषय.

१५ फेब्रुवारी

देवा, मी गबाळी ठरू दे.

१८ फेब्रुवारी

बाबांची तपासणी. आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाने त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मी आणि आई बाहेर बाकावर. बिस्किटं पुढे केली तर म्हणाली, “नको गं. हल्ली जरा खाल्लं की पोट भरतं.” मला तरी कुठे घास उतरत होता! तिचा हात धरून बसले. तिला वाटलं मला थंडी वाजते आहे. स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली.

डॉक्टर बाहेर आले. “लख्ख आहे. काहीही नाही. आमच्या घरची फरशी इतकी स्वच्छ नसते!”

मी भर दवाखान्यात ढसाढसा रडले. बाबा गुंगीत विचारत होते, “हिला काय झालं?”

१९ फेब्रुवारी

अनुस्वारांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझीच. नळी बरोबर होती, पण भरताना आत दुसऱ्याच कोणाचा तरी नमुना गेला असणार. दुसरं काय होणार? ते इतके गांगरले की नाकातून बोलायचंच विसरले. निरोगी नऊ अभ्यासातून बाद. माझी मुदतही बहुधा बाद. आकडेवाली म्हणाली, “नोकरी चालली आणि हसतेस काय अशी?”

हसतेच आहे! गबाळी आहे मी. धांदरट, वेंधळी, बिनकामाची. पेढे वाटावेत इतकी बिनकामाची.

२३ फेब्रुवारी

जेवताना बाबांचं जुलाबपुराण पुन्हा सुरू झालं. “आणि तुझ्या त्या डब्याच्या वेळी तरी मला कुठे जमलं होतं? जाऊन जाऊन थकलो. शेवटी तुझ्या आईनेच स्वतःचं भरून दिलं.”

आईला हसू आवरेना. “म्हटलं, घरचंच तर आहे. तुझं काम अडायला नको.” तिच्या ताटातलं अर्ध्याहून जास्त तसंच होतं.

म्हणजे मी चुकलेच नव्हते.