दहापर्यंत मोजायचं, तेही मनात

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. विषय एकच, ठमी. वय साडेतीन वर्षं, शब्द शून्य. "आँ" आणि "हं" धरले तर दोन. मी धरत नाही. कान तपासून झाले, ठणठणीत आहेत.

आणि बाप कोण, तर अठरा वर्षं वक्तृत्वाचा क्लास चालवणारा! स्टेजवर बोबडी वळणाऱ्या भल्याभल्या साहेबांना मी बोलतं केलं, आणि माझ्याच घरात चकार शब्द नाही. विद्यार्थी तोंडावर काही म्हणत नाहीत, पण मला कळतं.

संकल्प: ७ डिसेंबरला क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात ठमी माइकवर म्हणणार, "नमस्कार, मी सरांची मुलगी." चार शब्द, तीन महिने. किरकोळ काम आहे.

बायकोला सांगितलं. ती नुसतं "बघू" म्हणाली. गडबड इथेच आहे. मुलीच्या कानावर आईकडून शब्दच पडत नाहीत.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

स्पीच थेरपिस्टकडे गेलो. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे गुडघे छातीला. बाई तरुण आहेत आणि कमी बोलतात. बोलायला शिकवणारीच बोलत नाही म्हणजे कमालच झाली.

घरात जास्त कोण बोलतं, असं त्यांनी विचारलं. मी सोदाहरण सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. बहुधा प्रभावित झाल्या.

गृहपाठ असा: साबणाच्या फुग्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावायचं, बाटली ठमीच्या हातात द्यायची आणि थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. तिने नुसतं बघितलं, हात ओढला, कसलाही आवाज काढला तरी ते बोलणंच समजायचं आणि झाकण उघडायचं. मी म्हटलं, समजलं. बायको म्हणाली की बाईंचं वाक्य अजून संपलेलं नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर, सकाळी १०

पहिला प्रयोग. बाटली दिली आणि मोजायला लागलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली की मनात मोजायचंय. पण अंक खणखणीत उच्चारले तर मुलीला अंकही येतील, एका दगडात दोन पक्षी. चारवर झाकण उघडलं, कारण तिचा चेहरा बघवेना.

१०.२०. दुसरा प्रयोग. सहापर्यंत मनात! मग फुगा गोलच का होतो यावर थोडं बोलावं लागलं. ठमी बाटली घेऊन आईकडे गेली. आईने काही न बोलता तिच्याकडे बघितलं, ठमीने "आँ" केलं, आईने झाकण उघडलं. दोघी संगनमताने वागतात.

बुधवार, ११ सप्टेंबर

थेरपीचा वेग मला मानवत नाही. स्वतःची पद्धत सुरू केली. घरातल्या अडुसष्ट वस्तूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. बायको म्हणाली की ठमीला वाचता येत नाही. प्रत्येक चांगल्या कामात खोट काढायची सवय, दुसरं काय!

संध्याकाळी सासूबाईंचा फोन. बायकोसुद्धा म्हणे चार वर्षांची होईपर्यंत बोलली नव्हती. हे आत्ता सांगताय, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर? मी बायकोला कारण विचारलं. ती म्हणाली की घरात सगळे इतके बोलत होते, तिला मध्ये शिरायला जागाच मिळेना. कसलं घर असेल ते!

सोमवार, १६ सप्टेंबर

थेरपिस्टबाईंना घरी खेळतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ हवाय. आता कशा वळणावर आल्या! शर्टाला इस्त्री केली, पडदा बाजूला केला, उजेड डावीकडून घेतला. फोन बायकोच्या हातात.

फारच उत्तम झाला. एकदाही अडखळलो नाही. रंग, आकार, साबणाचा शोध, सगळं आलं. मध्येच ठमीने माझ्या तोंडावर हात ठेवला. किती तो लाड! मी तळव्याची पापी घेतली आणि मुद्दा पुढे नेला. इतर पालकांच्या प्रशिक्षणासाठी हा व्हिडिओ वापरायला माझी हरकत नाही, असं बाईंना कळवून टाकलंय.

शुक्रवार, २० सप्टेंबर, दुपारी

बाईंनी व्हिडिओ लावला. आवाज बंद होता. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या की मुद्दाम बंद ठेवलाय, आणि आज ठमीकडे बघा.

बघितलं. ठमी बाटली पुढे करते. माझा गुडघा थोपटते. माझा हात धरून झाकणावर ठेवते. माझ्या डोळ्यांत बघते, ओठांचा चंबू करते, आता काहीतरी म्हणणार. आणि दर वेळी तिच्यासमोर माझं तोंड हलतंय. बाईंनी कागदावर रेघा मारल्या होत्या. दहा मिनिटांत चौदा वेळा.

नवव्या वेळी ती तोंडावर हात ठेवते. तो लाड नव्हता. बाराव्या वेळेनंतर ती माझ्याकडे बघत नाही. पुढच्या दोन्ही वेळा फोन धरलेल्या आईकडे बघते.

मला रडू आलं. त्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे छातीला लावून, दोन बायकांसमोर. बाईंनी काही समजावलं नाही. थांबल्या. मोजत असाव्यात.

शनिवार, २१ सप्टेंबर

नवा उपाय: तोंडात पाण्याचा घोट धरून बसणे. आठपर्यंत पोचलो. मग फोन वाजला, पाणी शर्टावर. ठमी हसली. हे बोलण्यात धरायचं की नाही, विचारायला हवं. मी धरतो.

चिठ्ठ्या काढल्या. सदुसष्टच निघाल्या. एक ठमीने खाल्ली असावी.

रविवार, २९ सप्टेंबर, सकाळी ११.१५

बाटली दिली. मोजलं, मनात. सातला तिने माझा हात झाकणावर ठेवला. नऊला ओठ हलले. दहा झाले, मी तरीही थांबलो. ती म्हणाली, "उघड."

उघडलं.

मग माझ्याच्याने राहवलं नाही. आनंद झाला होता हो! मी बोललो. तिचं अभिनंदन, बाईंचे आभार, अठरा वर्षांचा अनुभव, ७ डिसेंबर. बायको म्हणते, चार मिनिटं.

ठमीने झाकण परत लावलं. घट्ट. माझ्या मांडीवर चढली आणि तोंडावर हात ठेवला. या वेळी पापी घेतली नाही. गप्प बसलो. दहापर्यंत मोजलं, हात तसाच. पुन्हा एकपासून सुरू केलं.

तिसऱ्यांदा दहापर्यंत आलो तेव्हा तिने हात काढला. तोही हळूच, पक्की खात्री नसल्यासारखा.