खोडलेलं पहिलं कारण

प्रिय,

हे सवयीनं लिहिलं गेलंय, उगाच हुरळून जाऊ नकोस.

परवा फोनवर मी तुला नाही नाही ते बोलले. पोरीला फूस लावलीस म्हणाले, आणि तू नेहमीसारखा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. धड भांडताही येत नाही तुला! अकरा वर्षांच्या संसारात एकदा तरी तोंड उघडून 'जाऊ नकोस' म्हणाला असतास, तर ही वेळ आली नसती. असो.

झालं काय, ते ऐक. चौथीला मी सध्या 'मन वळवणं' शिकवतेय. आधी काय हवंय ते एका वाक्यात सांगायचं, मग तीन कारणं द्यायची, आणि शेवटी समोरचा कशावरून नाही म्हणेल ते आपणच बोलून त्याचं उत्तर द्यायचं. खरोखर हवं असेल तेच मागा, असं मीच बजावलं होतं. कुणी कुत्रा मागितला, कुणी खिडकीजवळचा बाक. मग आपली चिमणी फळ्यासमोर उभी राहिली. शाळेत मला आई म्हणायचं नाही हा नियमही तिनं पाळला. म्हणाली, बाई, मला बाबाकडे राहायचंय. अख्ख्या वर्गासमोर! तुझ्याकडून पोहायचा तलाव जवळ आहे, तू गोष्ट अर्धी सोडत नाहीस आणि तू एकटाच जेवतोस, ही तिची तीन कारणं. वर म्हणते, तुम्ही म्हणाल आई एकटी पडेल, पण आईला वर्गात चौतीस मुलं आहेत, बाबाला एकही नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी हसत दहापैकी दहा दिले आणि घरी येऊन तुझ्यावर तुटून पडले.

काल तिची कच्ची वही चाळली. तुझा हात कुठेच नाही. पहिलं कारण तिनं लिहून खोडलंय, तरी वाचता येतं: आई घरी सारखी ओरडते. शेजारी समासात माझंच वर्गातलं वाक्य आहे, समोरच्याला दुखावून त्याचं मन वळत नाही.

तुझ्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. तरी रविवारी सकाळी ये आणि तिला घेऊन जा. तिची बॅग मी भरलीय. हे फोनवर सांगायला गेले असते तर पुन्हा ओरडले असते, आणि ती शेजारच्याच खोलीत आहे.

तुझी नव्हे, तिचीच,
आई